जेलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायला जाताय, तर हे वाचून जा

जेलमध्ये सिव्हिक्स शिकवायला जाणारे बरेच जण शाळेचं पुस्तक काखोटीला मारून जातात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, लोकशाहीचे स्तंभ किती. समोर बसलेल्या माणसाला रिमांड, चार्जशीट, जामीन, तारीख हे सगळं तुमच्यापेक्षा जास्त माहिती असतं, तुम्ही फळ्यावर न्यायपालिकेची चौकट काढत असता आणि तो मनात म्हणत असतो की मी परवाच तिथून जाऊन आलोय. सरकार नावाची गोष्ट या लोकांनी फार जवळून बघितलेली असते, फक्त एकाच बाजूनं बघितलेली असते. त्यामुळे शिकवायचं ते दुसऱ्या बाजूनं. हे नियम कोण करतं, कुठल्या कागदावर लिहितं, कुणाला बदलता येतात, आणि त्यात आपलं म्हणणं मांडायला जागा कुठे आहे.

आणि एक गोष्ट स्वतःच्या डोक्यात पक्की करून जा. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं, माणसाचं नागरिकत्व त्यानं रद्द होत नाही. हे माझं भावनिक वगैरे मत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीबद्दल जे किमान नियम मंजूर केले (त्यांना नेल्सन मंडेला नियम म्हणतात) त्यात हे सरळ आहे, नियम ३ म्हणतो की कोंडणं हीच मुळात वेदना आहे, व्यवस्थेनं त्यात उगाच भर घालू नये, आणि नियम ८८ म्हणतो की कैदी समाजाबाहेर गेलाय यावर भर न देता तो अजूनही समाजाचा भाग आहे यावर भर द्या. मग काय गेलं आणि काय शिल्लक राहिलं, हाच तुमचा अख्खा सिलॅबस.

आधी परमिशनचं बघू, कारण इथेच निम्मे क्लास मरतात. जेलच्या अधीक्षकांना लेखी पत्र द्या, त्यात टॉपिक, वाटायचे कागद, कोण कोण येणार, किती वेळ, सगळं. तक्रार कशी करायची हेही शिकवणार असाल तर ते पत्रातच लिहा, लपवू नका, कारण नंतर कुणाकडून तरी कळलं की क्लास बंद पडतो आणि मग कुणालाच काही शिकवता येत नाही. उलट मी तर सांगेन की स्टाफपैकी ज्याला इच्छा आहे त्यालाही बसू द्या, वॉर्डरलाही (म्हणजे जेलच्या पहारेकऱ्याला) स्वतःचे नियम नीट माहिती नसतात बऱ्याचदा. फक्त वर्गात कोण काय बोललं याच्या नोंदी स्टाफकडे जाणार नाहीत हे आधी ठरवून घ्या, एकदा हा खबऱ्यांचा क्लास आहे असं बराकीत पसरलं की संपलं.

सामान कमीत कमी. स्टेपलर पिना, स्पायरल वह्या, पेन ड्राइव्ह गेटवर अडकतात, मोबाइल तर नाहीच. व्हिडिओवर क्लास उभा करू नका, लाइट जाते, प्रोजेक्टर मिळत नाही, मिळाला तर केबल नसते. आणि प्रत्येक सेशन स्वतंत्र ठेवा म्हणजे मागचं चुकलं तरी आजचं कळेल असं, कारण कुणाची कोर्टाची तारीख असते, कुणाची मुलाकात, कुणाची बदली झालेली असते, कधी गिनती (कैद्यांची मोजणी) जुळत नाही म्हणून सगळेच अर्धा तास उशिरा येतात. आठ भागांची सलग मालिका आखून जाणारा माणूस तिसऱ्या भागात एकटाच उरतो.

कुणालाही गुन्हा विचारू नका. सांगितला तर ऐका आणि विषयावर या. निरोप, चिठ्ठ्या, फोन नंबर बाहेर न्यायचे नाहीत, कितीही कळवळून सांगितलं तरी, एकाचं केलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि गेटवर सापडलात तर तुमच्यामागे क्लासही जातो. हाक नावानं मारा.

आता पहिला क्लास. माझा एकच खात्रीचा उपाय आहे, तो सविस्तर सांगतो. मोठा कागद घ्या, चार उभे रकाने आखा. डोक्यावर लिहा: कोर्टानं ठरवलं, कायद्यानं ठरवलं, जेलच्या नियमानं ठरवलं, आणि चौथा, कुणीच ठरवलं नाही तरी चालू आहे. मग विचारा, इथे तुम्हाला काय काय करता येत नाही? पहिली दोन मिनिटं कुणी बोलत नाही, मग एकजण बोलतो आणि मग थांबवावं लागतं. बाहेर जाता येत नाही, ते कोर्टानं. मत देता येत नाही, ते कायद्यानं. पत्र उघडून वाचतात, ते बहुतेक नियमानं. नव्या माणसानं दाराजवळच झोपायचं, हे कुठे लिहिलंय? इथे वर्गात हसू फुटतं. ते चौथ्या रकान्यात.

खरी मजा भांडणात आहे. एकजण म्हणतो हा नियम आहे, दुसरा म्हणतो नियम कसला, आधीच्या साहेबांच्या वेळी असं नव्हतं. तुम्ही निकाल देऊ नका, विचारा की कागदावर कुठे दाखवाल? नियमावलीची प्रत शक्य असेल तर टेबलावर ठेवा (ती आत आणायची परवानगी पत्रातच मागून ठेवा), आणि ज्याला वाचता येतं त्याला ते पान शोधायला लावा. सापडलं तर तिसऱ्या रकान्यात, नाही सापडलं तर चौथ्यात. मग शेवटचा प्रश्न, प्रत्येक रकान्याखाली लिहायचा: हे बदलायचं असेल तर कोण बदलू शकतं? कोर्टाचं असेल तर अपील, कायद्याचं असेल तर विधिमंडळ किंवा संसद म्हणजे आमदार खासदार म्हणजे फिरून मतदार, नियमाचं असेल तर सरकारचं खातं आणि काही बाबतीत अधीक्षक, आणि चौथ्या रकान्याचं? ते इथेच, आपणच. तासाभरात संविधान, कायदा, नियम आणि अधिकाऱ्याचा विवेक यातला फरक लोकांना कळलेला असतो आणि तुम्ही एकही व्याख्या सांगितलेली नसते. हा कागद जपून ठेवा, पुढचे सगळे क्लास त्यावरूनच निघतात.

एक पथ्य मात्र पाळा, माणसांची नावं येऊ द्यायची नाहीत. अमुक वॉर्डर असा आहे हे सुरू झालं की लगेच पदावर या. वॉर्डर या पदाला काय अधिकार आहेत, त्याच्या वर कोण, त्याच्याबद्दल कुणाकडे दाद मागायची. नावं घेतली की उद्या कुणाला तरी त्रास होतो, आणि तो तुम्हाला होत नाही.

वर्गात पदवीधरही असतो आणि सही न येणाराही, हे गृहीत धरा. वाचून दाखवणं हे काम मानाचं करून टाका, पाळीपाळीनं. ज्याला येत नाही त्याला कुणी विचारायचं नाही, तो ऐकून बोलेल आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात नेमकं बोलतो. मंडेला नियमांत कैद्याला त्याचे हक्क आणि जेलचे नियम त्याला समजेल त्या भाषेत सांगा, आणि वाचता येत नसेल तर तोंडी सांगा असं स्पष्ट म्हटलंय, तेव्हा तुम्ही काही जास्तीचं करत नाही आहात. परदेशी माणूस वर्गात असेल तर त्यालाही विषयात घ्या. सगळेच हक्क नागरिकांचे नसतात, भारताच्या संविधानात कलम १४ आणि २१ चं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, कलम १९ मधली भाषण, संघटना वगैरे स्वातंत्र्यं मात्र फक्त नागरिकांना. हा फरक सांगायला वर्गात बसलेल्या परदेशी माणसाइतकं चांगलं उदाहरण नाही, पण त्याची तयारी असेल तरच.

मतदानाचा क्लास सगळ्यात जास्त रंगतो, त्यासाठी दोन सेशन ठेवा. कारण जगात याचं एक उत्तरच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक कोर्टानं १९९९ मध्ये निवडणूक आयोगाला सांगितलं की कैद्यांची नोंदणी आणि मतदान याची सोय करा. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश अल्बी सॅक्स स्वतः वर्णद्वेषी राजवटीत एकांतकोठडीत राहून आलेले, हे सांगितलं की वर्ग सावरून बसतो. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये कैद्यांवरची मतदानबंदी रद्द केली, तीही ५ विरुद्ध ४ अशी, म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. ब्रिटनमध्ये शिक्षा भोगणाऱ्याला मत नाही पण खटला चालू असलेल्याला आहे, आणि युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं २००५ मध्ये ही सरसकट बंदी चुकीची ठरवूनही ती बऱ्यापैकी तशीच राहिली. अमेरिकेत मेन आणि व्हरमाँट या राज्यांत जेलमधूनही मत देता येतं, तर काही राज्यांत सुटून आल्यावरही लगेच मिळत नाही.

भारतातली स्थिती तर वर्गाला हमखास कोड्यात टाकते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) म्हणतं की जेलमध्ये किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही, मग तो दोषी ठरलेला असो की कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच आत ठेवलेल्यांचा. जामिनावर बाहेर असलेला मात्र देऊ शकतो. आणि २०१३ ची दुरुस्ती सांगते की या बंदीमुळे यादीतलं नाव जात नाही, तो मतदार राहतोच, त्यामुळे कच्च्या कैद्याला निवडणुकीला उभं राहता येतं. २०२४ च्या लोकसभेत जेलमध्ये असलेले दोन उमेदवार निवडून आले. मग वर्गात आरडाओरडा, उभं राहता येतं पण मत देता येत नाही, हे कसलं लॉजिक! इथे तुम्ही गप्प बसायचं. दोन गट करा, एकानं बंदी असावी यासाठी बोलायचं, दुसऱ्यानं नसावी यासाठी, आणि ज्याचं जे मत असेल त्याला मुद्दाम उलट्या गटात टाका. बंदीच्या बाजूनं बोलायला सांगितलेला माणूस सुरुवातीला तोंड वाकडं करतो आणि दहा मिनिटांनी असे मुद्दे काढतो की आपण बघत राहावं. आवडत असेल तर यूजीन डेब्सची गोष्ट सांगा, १९२० मध्ये हा माणूस अटलांटाच्या जेलमधून अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि त्याला नऊ लाखांवर मतं पडली. पक्षाचं नाव मात्र कुठल्याच काढू देऊ नका आणि तुमचं मत तर अजिबातच सांगू नका.

पण मतदानाबद्दल चुकीची माहिती देऊ नका, ही गोष्ट गंभीर आहे. सुटल्यावर माणूस तुमच्या सांगण्यावर केंद्रावर जाणार, काही ठिकाणी अपात्र असताना मत देणं हाच गुन्हा धरतात, म्हणजे परत आत. तुमच्या भागातला नियम छापून न्या आणि त्यावर तारीख टाका, नियम बदलतात. बहुतेक ठरतं असं म्हणून पुढे जायचं नाही.

यानंतर अर्ज. माझ्या मते सिव्हिक्सचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे आणि लोक तो शेवटी पाच मिनिटांत उरकतात. आधी गोष्टी सांगा, कारण त्या खऱ्या आहेत. क्लॅरन्स गिडियन नावाच्या माणसानं फ्लोरिडाच्या जेलमधून पेन्सिलनं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला की मला वकील दिला नाही, आणि १९६३ मध्ये कोर्टानं ठरवलं की गंभीर गुन्ह्यात वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा. त्याचा खटला परत चालला, वकील मिळाला आणि तो निर्दोष सुटला. तिहारमधून सुनील बत्रा यानं दुसऱ्या एका कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९७९ च्या निकालात तक्रारपेट्या ठेवा, कैद्यांसाठी हक्कांची पुस्तिका काढा असे आदेश दिले. आणि आपल्या लोकांना आवडणारी तिसरी, मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, हस्तलिखित छापायला बायकोकडे पाठवायचं होतं, सरकार नाही म्हणालं, आणि १९६५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की पाठवू द्या, नियमांत याला बंदी नाही. आठवतोय का तो रकान्यांचा कागद? संझगिरींनी तेच विचारलं होतं, कुठल्या नियमात लिहिलंय.

पण एवढ्यावर थांबलात तर फसवणूक होईल. बहुतेक अर्जांना उत्तर येत नाही, किंवा उशिरा येतं, किंवा नकार येतो, हे स्पष्ट सांगा. मग कामाला लागा. कुणालातरी रागानं लिहिलेला तीन पानी अर्ज आणायला सांगा, कुणाकडे ना कुणाकडे असतोच, आणि सगळ्यांनी मिळून तो दहा ओळींचा करा. कुणाला, कधी, काय झालं, कुठल्या नियमानं, काय हवंय. एका अर्जात एकच मागणी. न्याय मिळावा ही मागणी होत नाही, अमुक तारखेपासून औषध बंद आहे ते सुरू करावं ही होते. प्रत ठेवायची, पोच मागायची, नाही मिळाली तर दिल्याची तारीख आणि कुणाच्या हातात दिला ते वहीत लिहून ठेवायचं. शिव्या, टोमणे, देवाची शपथ सगळं कापायचं, यावर फार वाद होतो आणि तो होऊ द्यावा, कारण आपलं दुःख कापायला लावतायत असं वाटतं माणसाला. ते दुःख वेगळ्या कागदावर लिहा म्हणावं, ते तुमचंच आहे, पण अर्ज वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं असतात.

या टप्प्यावर प्रत्येक जण स्वतःच्या केसचे कागद घेऊन तुमच्याकडे येणार. तुम्ही वकील नाही, असलात तरी या वर्गात नाही. केसवर मत द्यायचं नाही, सुटशील म्हणायचं नाही. कुठे जायचं ते सांगायचं. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे अजूनही कितीतरी जणांना माहिती नसतं, हेल्पलाइन १५१०० आहे ती घरच्यांना कळवायला सांगा. माहिती अधिकारात एरवी ३० दिवस लागतात पण जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे कलम फळ्यावर लिहा, लोक वहीत उतरवून घेतात.

मग निवडणूक करून बघायची का? करा, पण खोटी खोटी करू नका. आज आपण संसद संसद खेळू हे मोठ्या माणसांना लहान मुलासारखं वागवणं आहे आणि त्यांना ते लगेच कळतं. अधीक्षकांकडून एक छोटासा खरा निर्णय मागून घ्या, वाचनालयात पुढची दहा पुस्तकं कुठली यावीत, किंवा क्लास सकाळी की दुपारी, आणि तो वर्गाला गुप्त मतदानानं करू द्या. निकाल खरंच अमलात आला पाहिजे, नाहीतर तुम्ही शिकवलं काय तर मत देऊन काही होत नाही. याला जुना इतिहास आहे, न्यूयॉर्कच्या ऑबर्न जेलमध्ये थॉमस मॉट ऑस्बर्न १९१३ मध्ये नाव बदलून आठवडाभर कैदी म्हणून राहिले आणि त्यातून पुढे कैद्यांनी आपले प्रतिनिधी निवडण्याची संघटना तिथे उभी राहिली.

धोका एकच, बराकीचा दादा निवडून येतो. मत गुप्त असलं तरी सगळ्यांना माहिती असतं कुणाला द्यायचं. म्हणून पद लहान ठेवा, मुदत दोन तीन आठवड्यांची, लगेच परत उभं राहता येणार नाही, आणि काही कामं तर सरळ चिठ्ठ्या टाकून वाटा. कुणालाही दुसऱ्यावर शिस्तीचा अधिकार द्यायचा नाही, मंडेला नियम ४० यालाच मनाई करतो. दादा कसा निवडून येतो यावर मोकळी चर्चा झाली, तर त्या दिवशी बाहेरच्या राजकारणाचंही बरंच शिकवून होतं.

कर्तव्यांचं काय, असं स्टाफ हमखास विचारतो. घ्या की, पण पहिल्या दिवशी नको. चांगले नागरिक बना हे यांना घरच्यांपासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी सांगून झालेलं असतं. हक्कांचे दोन तीन क्लास झाले की कुणीतरी स्वतःच काढतं, ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे हक्क काय? तेव्हा घ्या, आणि काल्पनिक केसवर घ्या. वर्गात बसलेल्याच्या गुन्ह्यावर कधीच नाही, आणि हेही लक्षात असू द्या की समोरच्यांपैकी बरेच जण कधीतरी स्वतःही गुन्ह्याचे बळी झालेले असतात.

जमलं की स्वतः मागे सरका. इलिनॉय राज्यानं २०१९ मध्ये कायदाच केला की सुटण्याआधीच्या वर्षभरात कैद्याला ९० मिनिटांची तीन नागरिकशास्त्राची सेशन मिळाली पाहिजेत आणि ती प्रशिक्षण घेतलेल्या कैद्यांनीच चालवायची. पक्षपात नाही, प्रचार नाही. मला यातला सगळ्यात पटलेला भाग हा की शिकवणारा आतलाच, कारण प्रश्न रात्री बराकीत पडतात आणि तेव्हा तुम्ही घरी जेवत असता. दोन तीन माणसं हेरा, बोलकीच असली पाहिजेत असं नाही, ज्यांना मला माहिती नाही, बघून सांगतो असं म्हणता येतं ती घ्या.

सुटायला आलेल्यांसाठी एक वेगळं सेशन ठेवा, त्यात फक्त कागद. ओळखपत्र कुठे आहे, मतदारयादीत नाव आहे का, पत्ता बदलला तर कुठला फॉर्म, सुटकेचा दाखला कसा वाचायचा, कुठल्या नोकऱ्यांना शिक्षा आड येते आणि कुठल्यांना नाही. कंटाळवाणं वाटतं पण या सेशनला कुणी गैरहजर राहत नाही.

परीक्षा घेऊ नका. सर्टिफिकेट मात्र द्या, लोकांना ते हवं असतं, घरी पाठवतात, कोर्टात लावतात. फक्त त्यावर जेलचं नाव आणि जेलच्या अधिकाऱ्याची सही टाकू नका, तुमच्या संस्थेचं नाव, विषय आणि तास एवढंच छापा, उद्या तो कागद नोकरी मागताना दाखवता आला पाहिजे.